फाइल एकाची, फोल्डर सगळ्यांचं

या महिन्यात इंदूरच्या वाचकांकडून आलेल्या कॉम्प्युटरविषयीच्या पत्रांत एकच अडचण वेगवेगळ्या तोंडांनी आली आहे. संस्थेत किंवा पेढीत कॉम्प्युटर एक, त्यावर काम करणारे पाच-सात जण, आणि एकाने केलेली फाइल दुसऱ्याला उघडत नाही किंवा उघडली तरी सेव्ह होत नाही. म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. उत्तरं लिनक्सची, मुख्यतः उबुंटूची आहेत. कमांड उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप कराव्यात. मोठं अक्षर लागतं तिथे तसं लिहिलं आहे. खाती, ग्रुप, मालकी किंवा परवानगी बदलणाऱ्या, आणि घरच्या फोल्डराबाहेर काही तयार किंवा इन्स्टॉल करणाऱ्या कमांडच्या आधी ‘सुडो’ (ती ॲडमिनच्या हक्काने चालवणारा शब्द) लावायचं, ते दर वेळी लिहिलेलं नाही.

प्रश्न : आमच्या वाचनालयात दिवाळी अंकाचं काम चालू आहे. उबुंटूच्या एका कॉम्प्युटरवर पाच जणांची खाती आहेत. टायपिंग करणाऱ्याने ठेवलेला मजकूर मुद्रितशोधकाला वाचता येतो, पण दुरुस्ती सेव्ह होत नाही. ओळखीच्या एकाने “सगळ्याला ७७७ करून टाका” असं सांगितलं. केलं. दोन दिवस ठीक चाललं, मग पुन्हा तेच. — कार्यवाह, रामबाग

उत्तर : ७७७ दोन दिवसच चालतं, याला कारण आहे. प्रत्येक फाइलवर तीन जणांचे हक्क लिहिलेले असतात: मालक, एक ग्रुप आणि बाकीचे सगळे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. बेरीज करून प्रत्येकाचा एक आकडा. ७७७ म्हणजे तिघांनाही सगळं. पण ही कमांड त्या क्षणी असलेल्या फाइलींवरच लागते. उद्या टायपिस्टने नवी फाइल केली की तिचा मालक तो, ग्रुप त्याचा स्वतःचा, आणि परवानगी पुन्हा नेहमीची. म्हणजे जुन्या फाइली कोणीही खोडाव्यात इतक्या उघड्या आणि नवी फाइल मात्र पुन्हा बंद, असं दोन्हीकडून नुकसान. शिवाय साध्या मजकुराच्या फाइलीही ‘चालवण्याजोग्या’ ठरतात आणि कॉम्प्युटरवर कोणत्याही खात्याने चालणाऱ्या प्रोग्रामला तुमचा अंक बदलता येतो.

उपाय फाइलीवर नाही, फोल्डरवर करायचा. फोल्डर असं बांधायचं की त्यात जन्मणारी प्रत्येक फाइल आपोआप सगळ्या चमूची होईल.

आधी ग्रुप करा: ‘ग्रुपॲड अंक’. ग्रुपचं आणि खात्याचं नाव रोमन लहान अक्षरांतच ठेवा, इथे ए-एन-के. मग पाचही जणांना त्यात घाला: ‘युजरमॉड -एजी अंक’ आणि पुढे खात्याचं नाव. यात ए लहान आणि जी मोठा. त्या लहान ए-ला विसरू नका, का ते पुढच्या प्रश्नात येईल.

फोल्डर कोणाच्याही घरच्या फोल्डरात नको. उबुंटूमध्ये २१.०४ या आवृत्तीपासून नव्या खात्याचं होम फोल्डर ७५० असतं, म्हणजे इतरांना त्यातून आत जायलाही वाट नाही. आतल्या फोल्डरला कितीही परवानगी द्या, वरचं दार बंदच. म्हणून ‘एमकेडीआयआर /एसआरव्ही/अंक’ असं मोकळ्या जागी फोल्डर करा. त्याचा ग्रुप बदला: ‘सीएचजीआरपी अंक /एसआरव्ही/अंक’. आणि मग ‘सीएचमॉड २७७० /एसआरव्ही/अंक’.

सगळी किमया त्या पुढच्या २ मध्ये आहे. त्याला सेटजीआयडी म्हणतात. फोल्डरवर तो असला की आत तयार होणाऱ्या फाइलीला करणाऱ्याचा ग्रुप न लागता फोल्डरचा ग्रुप लागतो, आणि आत केलेल्या नव्या फोल्डरलाही तो २ आपोआप मिळतो. शेवटचा शून्य बाहेरच्यांसाठी: ज्यांचा अंकाशी संबंध नाही त्यांना आत डोकावताही येणार नाही.

ग्रुप बरोबर लागला तरी ग्रुपला लिहिण्याचा हक्क मिळेलच असं नाही. तो ठरतो यूमास्कवर. नवी फाइल ६६६ पासून सुरू होते आणि यूमास्क त्यातले हक्क कापतो: ०२२ असेल तर ६४४ उरतात, म्हणजे ग्रुपला फक्त वाचन, ००२ असेल तर ६६४, म्हणजे लेखनही. मुद्रितशोधकाला वाचता येतं पण सेव्ह होत नाही, ही तुमची तक्रार नेमकी ६४४ ची किंवा चुकीच्या ग्रुपची आहे. ‘एलएस -एल’ टाइप केलं की दोन्हींतलं काय ते दिसेल.

प्रत्येकाच्या खात्यात यूमास्क बदलत बसण्यापेक्षा आम्ही डिफॉल्ट एसीएल सुचवू, म्हणजे फोल्डरवर लिहिलेली हक्कांची जादा यादी, जी आतल्या नव्या फाइलींना आपोआप लागते. ‘सेटएफएसीएल -आर -डी -एम जी:अंक:आरडब्ल्यूएक्स /एसआरव्ही/अंक’, यात पहिला आर मोठा, बाकी सगळं लहान. कमांड सापडली नाही तर ‘एपीटी इन्स्टॉल एसीएल’ करून घ्या. फोल्डरवर डिफॉल्ट एसीएल असला की तिथे यूमास्क विचारातच घेतला जात नाही.

आता जुन्या, ७७७ झालेल्या फाइली. त्या नव्या फोल्डरात आणल्यावर आधी ‘सीएचजीआरपी -आर अंक /एसआरव्ही/अंक’, आर मोठा. सगळ्या मजकुराच्या फाइलींवरचा ‘चालवण्याचा’ हक्क काढायला ‘फाइंड /एसआरव्ही/अंक -टाइप एफ’ च्या पुढे ‘-एक्झेक सीएचमॉड ६६०’, मग महिरपी कंसांची जोडी आणि अधिक चिन्ह. तशीच कमांड फोल्डरांसाठी: ‘-टाइप एफ’ ऐवजी ‘-टाइप डी’ आणि ६६० ऐवजी २७७०. फाइली आणि फोल्डरांना एकच आकडा लावू नका. फोल्डरचा १ काढला की त्यात शिरताच येत नाही.

एक खोड मात्र राहते, आणि बहुतेक ठिकाणी घोळ तिथेच होतो. घरच्या फोल्डरात तयार केलेली फाइल माउसने ओढून सामाईक फोल्डरात टाकली की त्याच डिस्कवर ती हलवली जाते, नवी होत नाही. तिचा जुना ग्रुप आणि जुने आकडे तिच्याबरोबर येतात. कॉपी केली तर ग्रुप बरोबर लागतो, पण आकडे बहुधा मूळ फाइलीवरूनच येतात. म्हणून सामाईक फोल्डरातच फाइल सुरू करा, किंवा ‘सेव्ह ॲज’ने तिथे ठेवा. हा नियम पाचही जणांना पहिल्याच दिवशी सांगा.

लिब्रेऑफिसमध्ये दुसऱ्याने उघडलेली फाइल ‘लॉक’ दिसते, तो परवानगीचा दोष नव्हे. फाइल उघडी असेपर्यंत त्याच फोल्डरात एक लपलेली कुलूप-फाइल असते. वीज जाऊन कॉम्प्युटर बंद पडला तर ती मागे राहते. कंट्रोल आणि एच दाबलं की दिसते. फाइल खरंच कोणाकडे उघडी नाही याची खात्री करून ती खोडावी.

फाइलींची नावं देवनागरीत द्यायला हरकत नाही, फक्त फार लांब नकोत. ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल ठेवण्याची पद्धत) डिस्कवर नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. म्हणजे ८५ चिन्हं. ‘अध्यक्षीय मनोगत दुसरी दुरुस्ती अंतिम’ बसतं. त्यात लेखाचं पूर्ण शीर्षकही घातलं की अडतं.

प्रश्न : सहकाऱ्याला ग्रुपमध्ये घातलं, तरी त्याला ‘परमिशन डिनाइड’ येतं. दुसरं म्हणजे हे करताना माझ्याच खात्याचं सुडो गेलं. आता काहीच बदलता येत नाही. — मुद्रणालय चालक, जेल रोड

उत्तर : पहिलं सोपं आहे. लॉगिन करताना खात्याला त्याचे ग्रुप मिळतात आणि लॉगआउट होईपर्यंत तेच राहतात. सहकाऱ्याने बाहेर पडून पुन्हा आत यावं. तपासायला त्याच्या टर्मिनलमध्ये नुसतं ‘आयडी’ आणि नंतर ‘आयडी’ पुढे खात्याचं नाव, असं दोनदा टाइप करा. पहिलं चालू सत्राचे ग्रुप दाखवतं, दुसरं नोंदीतले. दुसऱ्यात ग्रुप आहे आणि पहिल्यात नाही, तर लॉगिन जुनं आहे. लॉगआउट करूनही फरक पडला नाही तर मागे काही प्रोग्राम चालू राहिलेले असतात. सरळ रीस्टार्ट करा.

तरीही अडलं तर ‘नेमआय -एल’ पुढे फाइलीचा पूर्ण पत्ता द्या. मुळापासून फाइलीपर्यंतचं प्रत्येक फोल्डर, त्याचा मालक, ग्रुप आणि परवानगी एकाखाली एक येते. वाट कुठल्या पायरीवर बंद आहे ते एका नजरेत कळतं. ही कमांड फारशी कोणाला माहीत नसते, आणि अशा तक्रारींत सर्वांत जास्त उपयोग तिचाच होतो.

सुडो गेलं ते लहान ए गाळल्यामुळे. ‘युजरमॉड -जी’ (मोठा जी) एकटाच दिला तर अर्थ होतो: या खात्याचे जोडग्रुप आता एवढेच. जुने सगळे पुसले जातात, त्यांत सुडोही. दुसरं ॲडमिन खातं असेल तर त्यातून दुरुस्त करा. नसेल तर कॉम्प्युटर सुरू होताना एस्केप दाबून (जुन्या बायोसवर शिफ्ट धरून) ग्रब मेनू (सुरू होतानाची निवड-यादी) आणा, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून रिकव्हरी मोड, त्यातून रूट शेल, म्हणजे सगळे हक्क असलेल्या ‘रूट’ खात्याचं टर्मिनल. तिथे डिस्क आधी लिहिण्यायोग्य करावी लागते: ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’. मग ‘युजरमॉड -एजी सुडो’ आणि खात्याचं नाव. आधी कोणकोणते ग्रुप होते ते ईटीसी फोल्डरातल्या ‘ग्रुप-’ या फाइलीत सापडतील. नावाच्या शेवटी जोडचिन्ह आहे. ग्रुपच्या यादीत बदल होण्याआधीची प्रत त्यात राहते. पण पुढचा बदल केला की तीही बदलते, म्हणून दुरुस्तीच्या आधी तिचा फोटो काढून घ्या.

यापुढे ‘जीपासडब्ल्यूडी -ए’ पुढे खातं आणि ग्रुप, अशी कमांड वापरलीत तर बरं. ती एका ग्रुपमध्ये एक नाव घालते, बाकी कशाला हात लावत नाही. काढायला ‘-ए’ ऐवजी ‘-डी’.

प्रश्न : छापायला गेलेली अंतिम पानं मी ४४४ केली होती, म्हणजे कोणालाच लिहिता येऊ नयेत. तरी एकाने चुकून ती खोडली. हे कसं शक्य आहे? — स्मरणिकेच्या संपादक, लोकमान्य नगर

उत्तर : फाइल खोडणं म्हणजे फाइलीत लिहिणं नव्हे, फोल्डरच्या यादीतून तिचं नाव काढणं. ती परवानगी फोल्डरची. फोल्डरमध्ये लिहिण्याचा हक्क ज्याला आहे तो आतली कोणतीही फाइल खोडू शकतो, ती कोणाचीही असो आणि तिच्यावर ४४४ असो की ०००. इतकंच काय, जुनी खोडून त्याच नावाची नवी ठेवता येते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं ४४४ असूनही फाइल बदलली.

अंतिम पानांसाठी वेगळं फोल्डर करा, मालक तुम्ही, ग्रुप चमूचा, परवानगी २७५०. सगळे वाचतील, छापून घेतील. घालणं-काढणं फक्त तुमच्या हाती.

दुसरा एक प्रकार आहे, स्टिकी बिट. पुढचा आकडा ३ करायचा, म्हणजे ३७७०: सेटजीआयडीचे २ आणि स्टिकीचा १. मग प्रत्येकाला फोल्डरात फाइल टाकता येते, पण खोडता किंवा नाव बदलता येते ती फक्त स्वतःची. शिवाय फोल्डरच्या मालकाला आणि रूटला. टीएमपी फोल्डर असंच, १७७७, असतं. देणगीदारांच्या पावत्या, जाहिरातींचे स्कॅन असं ‘टाका आणि विसरा’ काम असेल तिथे हे उत्तम. एकाच लेखावर दोघे काम करत असतील तिथे लावू नका. कित्येक प्रोग्राम सेव्ह करताना नवी फाइल लिहून जुन्या नावावर बसवतात. स्टिकी बिट दुसऱ्याच्या फाइलीवर ते होऊ देत नाही आणि सेव्ह अडतं.

प्रश्न : पेन ड्राइव्हवर सीएचमॉड चालतच नाही. एरर येत नाही, पण बदलही होत नाही. — विद्यार्थी, सुदामा नगर

उत्तर : पेन ड्राइव्ह एफएटी३२ किंवा एक्सएफएटी असेल. त्या पद्धतीत मालक आणि ग्रुप लिहायला जागाच नसते. दिसणारी परवानगी माउंट करताना (ड्राइव्ह जोडून वापरात घेताना) सगळ्या फाइलींना सरसकट लावलेली असते. त्यामुळे सामाईक फोल्डराचा बॅकअप नुसता ओढून पेन ड्राइव्हवर टाकला तर परत आणताना सगळे ग्रुप गेलेले असतात. ‘टार’ने एकच गठ्ठा करा: ‘टार --एसीएल्स -सीपीएफ’, पुढे गठ्ठ्याचं नाव आणि फोल्डर, ‘--एसीएल्स’ नसलं तर एसीएल मागे राहतो. एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, तेव्हा गठ्ठा मोठा असेल तर एक्सएफएटी घ्या.

प्रश्न : आमची सीएची पेढी आहे. आर्टिकल म्हणून आलेली मुलं काही काळाने जातात. गेलेल्याचं खातं खोडलं तर त्याच्या फाइलींवर नावाऐवजी १००४ असा आकडा दिसू लागला. पुढे नव्या मुलीचं खातं केलं तर त्या फाइली तिच्या नावावर दिसायला लागल्या! शिवाय एका भागीदारांना सगळं दिसावं, पण चुकून काही बदलू नये, असं हवं आहे. — वरिष्ठ सहायक, तुकोगंज

उत्तर : डिस्कवर फाइलीच्या मालकाचं नाव नसतंच, आकडा असतो. नाव खात्यांच्या यादीतून पाहून दाखवलं जातं. खातं गेलं की नाव गेलं, आकडा उरला. रिकामा झालेला १००४ नव्या खात्याला मिळाला आणि फाइली तिच्या झाल्या. अशिलांच्या हिशेबांच्या बाबतीत हे गंभीर आहे, कारण उद्या कोणी विचारलं की हा ताळेबंद कोणी केला, तर कॉम्प्युटर चुकीचं नाव सांगेल.

म्हणून खातं खोडू नका, बंद करा: ‘युजरमॉड -एल -ई १’ आणि खात्याचं नाव, एल मोठा. नुसता पासवर्ड बंद करणं पुरत नाही, कारण एसएसएच की (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लॉगिन करायची किल्ली-फाइल) असेल तर पासवर्डशिवाय आत येता येतं. ‘-ई १’ मुळे खात्याची मुदतच २ जानेवारी १९७० ला संपलेली ठरते. तो त्या क्षणी आत असेल तर ‘लॉगिनसीटीएल टर्मिनेट-युजर’ने बाहेर काढा. ‘क्रॉनटॅब -यू’ पुढे नाव आणि ‘-एल’ देऊन त्याने लावून ठेवलेली आपोआप चालणारी कामंही पाहा. चालू कामाच्या फाइली ‘सीएचओडब्ल्यूएन’ने पुढच्या माणसाच्या नावावर करा, संपलेल्या तशाच राहू द्या. याआधी खोडलेल्या खात्यांचं मागे काय राहिलं ते ‘फाइंड /एसआरव्ही -नोयुजर’ने शोधता येईल. नव्या मुलीच्या नावावर आलेल्या फाइली मात्र त्यात दिसणार नाहीत. तिच्या खात्याच्या तारखेआधीच्या फाइली हाताने निवडाव्या लागतील. ते एकदा बसून कराच.

भागीदारांसाठी एसीएल. एका फाइलीला ग्रुप एकच, पण एसीएलने दुसरा ग्रुप जोडता येतो. ‘तपासणी’ नावाचा ग्रुप करा, भागीदारांना त्यात घाला, हिशेबांच्या ग्रुपमध्ये घालू नका. मग ‘सेटएफएसीएल -आर -एम जी:तपासणी:आरएक्स’ पुढे फोल्डर. ‘-आर’ मधला आर मोठा. शेवटच्या ‘आरएक्स’मध्ये आर लहान आणि एक्स मोठा. मोठ्या एक्सचा अर्थ असा की आत शिरण्याचा हक्क फोल्डरांना मिळतो, साध्या फाइली चालवण्याजोग्या होत नाहीत. तीच कमांड ‘-डी’ घालून पुन्हा एकदा द्या, म्हणजे पुढच्या फाइलींनाही लागू होईल. ‘एलएस -एल’मध्ये परवानगीच्या शेवटी अधिक चिन्ह दिसलं की एसीएल आहे हे ओळखावं.

यात एक फसगत आहे. एसीएल असलेल्या फाइलीवर सीएचमॉडने ग्रुपचा आकडा कमी केला तर प्रत्यक्षात ‘मास्क’ कमी होतो, आणि एसीएलमधल्या सगळ्या ग्रुपांचे हक्क त्या मर्यादेत दबतात. यादीत हक्क दिसतो, पण चालत नाही. ‘गेटएफएसीएल’ चालवल्यावर ओळीपुढे ‘इफेक्टिव्ह’ असं लिहून आलं तर हेच झालं आहे. ‘सेटएफएसीएल -एम एम::आरडब्ल्यूएक्स’ फोल्डरवर आणि ‘एम::आरडब्ल्यू’ फाइलीवर दिलं की सुटतं. ज्या फोल्डरवर एसीएल लावला त्यावर पुढे सीएचमॉड वापरू नये.

प्रश्न : हेच फोल्डर विंडोजच्या दोन कॉम्प्युटरवरून सांबाने उघडतो. तिकडून टाकलेल्या फाइली इतरांना बदलता येत नाहीत. — तेच

उत्तर : सांबा (लिनक्सचं फोल्डर नेटवर्कवरून विंडोजला दाखवणारा प्रोग्राम) आणि लिनक्स, दोघांची परवानगी लागते, ज्याची कडक त्याची चालते. एसएमबी.कॉन्फ फाइलीत त्या शेअरखाली ‘फोर्स ग्रुप’समोर तुमच्या ग्रुपचं नाव, ‘क्रिएट मास्क’समोर ०६६० आणि ‘डिरेक्टरी मास्क’समोर २७७० लिहा. ‘व्हॅलिड युजर्स’समोर ॲट चिन्ह लावून ग्रुपचं नाव दिलं की बाहेरच्यांना शेअर उघडणारच नाही. भागीदारांनाही विंडोजवरून पाहायचं असेल तर फोर्स ग्रुप त्यांनाही लागू होऊन लिहिण्याचा हक्क देईल. त्यांच्यासाठी ‘रीड लिस्ट’मध्ये ‘तपासणी’ ग्रुप टाका आणि ‘व्हॅलिड युजर्स’मध्येही जोडा. बदल केल्यावर ‘टेस्टपार्म’ चालवून लेखनातली चूक तपासा आणि सांबा रीस्टार्ट करा. सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवला जातो; नव्या माणसासाठी ‘एसएमबीपासडब्ल्यूडी -ए’ करावंच लागतं, आणि कोणी गेलं की ‘एसएमबीपासडब्ल्यूडी -डी’ने तिथलं खातंही बंद करावं लागतं.

प्रश्न : शाळेच्या प्रयोगशाळेत आर्डुइनो (प्रयोगांसाठीचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) जोडला की पोर्ट उघडत नाही, सुडोने मात्र चालतो. मुलांना सुडो द्यायचा का? — शिक्षक, महू

उत्तर : देऊ नका. जोडलेलं उपकरणही लिनक्समध्ये एक फाइलच असतं, आणि सीरियल पोर्टचा ग्रुप उबुंटूमध्ये ‘डायलआउट’ हा आहे. मुलांची खाती ‘युजरमॉड -एजी डायलआउट’ने त्यात घाला, लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करू द्या. ‘एलएस -एल /डेव्ह/टीटीवायएसीएम०’ (एसीएम मोठ्या अक्षरांत) दिल्यावर ग्रुपच्या जागी डायलआउट दिसेल. स्वस्तातल्या बोर्डांवर पोर्टचं नाव टीटीवाययूएसबी० (यूएसबी मोठ्या अक्षरांत) असतं. पोर्टच दिसत नसेल तर परवानगीचा प्रश्न नाही, आधी केबल बदला. बऱ्याच चार्जिंगच्या केबलींत डेटाच्या तारा नसतात.